प्लास्टिक न फाडलेलं पुस्तक

"प्लास्टिक फाडलेलं नाही हं, बघून घे," असं म्हणत सोल्वेगने पुस्तक माझ्या दुकानाच्या काउंटरवर ठेवलं. पुस्तक तिच्या सख्ख्या भावाने लिहिलेलं होतं, आणि तो भाऊ, ओड्गेर, दोन पावलांवर पुस्तकांच्या टेबलाशी उभा होता.

आमच्या आकुरेरी गावात नाताळला एकमेकांना पुस्तकंच द्यायची आणि नाताळ सरला की नको असलेली दुकानात आणून बदलून न्यायची. अट एकच, वरचं प्लास्टिक शाबूत हवं. ओड्गेरचं पुस्तक सकाळपासून परत येत होतं. त्याच्या मामाने आणलं, शेजारणीने आणलं, कारखान्यातल्या मुकादमाने तर हसत हसत आणलं. मेले सगळे!

ओड्गेर मासळीच्या कारखान्यात कॉड मासे कापतो. पाळी संपल्यावर गारठलेल्या बोटांनी त्याने हे पुस्तक लिहिलं, आईवर. बाप समुद्रावरून परत आला नाही, त्या हिवाळ्यावर. पहिल्या पानावर एकच ओळ आहे, 'सोल्वेगला, जिने तेव्हा माझा हात सोडला नाही.' हे त्याने तिला सांगितलेलं नव्हतं. "बाकीच्यांचं जाऊ दे, ह्योर्दीस," तो सकाळी मला म्हणाला होता, "सोल्वेगने पहिलं पान उघडलं असेल ना गं? काही बोललीच नाही अजून."

सोल्वेगने त्याला पाहिलं, पण ओशाळली वगैरे मुळीच नाही.

"अरे, तू इथेच? बरं झालं. खुनाबिनाचं काही चांगलं आलंय का, सांग बघू."

मला राहवेना. "अगं, भावाचं पुस्तक आहे! चार पानं तरी वाचायचीस!"

"काय वाचू? आई रोज बाबांचं ताट वाढायची आणि ते गार झालं की आम्ही दोघं खायचो. भोगलंय गं मी ते. आता सुट्टीत परत तेच? पुस्तकाने कसं, घटकाभर सगळं विसरायला लावलं पाहिजे." मग ती भावाकडे वळली. "खरंच, कुणासाठी लिहितोस रे हे सगळं?"

माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण ओड्गेरने माझ्याकडे असं काही पाहिलं की मी जीभ आवरली.

"असंच," तो म्हणाला. "लोकांसाठी."

त्याने स्वतःच फळीवरून एक जाडजूड खुनाची कादंबरी काढून तिच्या हातात दिली. "हे ने. हातातून खाली ठेववत नाही."

"खरं वाटतं का पण?"

"वाटतं."

ती खूश झाली. "रविवारी जेवायला ये, मटण शिल्लक आहे," असं बजावून निघून गेली.

मी मात्र भडकले. "मेल्या, सांगितलं का नाहीस तिला? प्लास्टिक टराटरा फाडून ते पान तिच्या नाकासमोर धरायचं होतंस!"

"फाडलं असतं, तर तिला बदलून मिळालं नसतं ना," ओड्गेर म्हणाला.

मग त्याने काउंटरवरचं आपलं पुस्तक उचललं, परत आलेल्या गठ्ठ्यावर नीट ठेवलं, आणि टोपी घालून पाळीला गेला.