धोंडू रॉकेल आणायला गेला

'एक खोली सात माणसं' हा पिक्चर तुम्ही पाहिला नसेल, तर तुम्ही मराठी घरात वाढलाच नाहीत, असं माझं स्पष्ट मत आहे. दिवाळीत टीव्हीवर लागतो, गणपतीत सोसायटीच्या पडद्यावर लागतो, आणि दर वेळी लोक पोट धरून हसतात. हसून झालं की चुका काढायला बसतात. त्याही तोंडपाठ आहेत सगळ्यांना. भिंतीवरच्या घड्याळात अख्खा पिक्चरभर सव्वादहाच वाजलेले असतात. आत्या जिना चढते जांभळ्या साडीत आणि खोलीत शिरते मोरपंखी साडीत. वडील ट्रंक कॉलवर तावातावानं भांडतात आणि फोनची वायर टेबलाखाली नुसती लोंबत असते. आता तर ट्रंक कॉल म्हणजे काय, इथपासून पोरांना सांगावं लागतं.

पण सगळ्यात मोठी गफलत धोंडूची. धोंडू म्हणजे त्या घरातला धाकटा मुलगा. मध्यंतराच्या जरा आधी आई त्याला रॉकेल आणायला पाठवते. तो कॅन उचलून जातो आणि परत येतच नाही. पुढे तासभर पिक्चर चालतो. ताईचं लग्न ठरतं, मोडतं, पुन्हा ठरतं, नवीन घर मिळतं, शेवटी सगळे मिळून फोटो काढतात. पिक्चरचं नाव सात माणसं आणि फोटोत सहा. आपला एक पोरगा होता, हे सख्ख्या आईलाही आठवत नाही.

यावर आता मोबाइलवर विनोद फिरतात. ग्रुपवर कुणी उत्तर देईनासा झाला की म्हणायचं, 'धोंडू झाला त्याचा'. गेल्या महिन्यात एक आला होता: 'रेशनचं रॉकेल बंद झालं, धोंडू अजून लायनीत.' मीसुद्धा हसले. मग लक्षात आलं की धोंडू आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालतोय.

हो. तो धोंडू माझा नवरा आहे.

लग्न झालं तेव्हा मी त्याला 'अहो' म्हणून पाहिलं, दोन दिवस टिकलं. तेव्हापासून सुबोध आणि अरेतुरे. पिक्चरची गोष्ट मला त्यानं साखरपुड्याच्या आधीच सांगितली होती, काही आजार असल्यासारखी. कॉलेजच्या एकांकिकेत दिग्दर्शकांनी त्याला पाहिलं आणि उचललं. त्यांना सगळे अण्णा म्हणायचे. निम्मं शूटिंग झालं आणि पाटबंधारे खात्याचा कॉल आला. कारकुनाची जागा, जळगावला, ताबडतोब हजर व्हा. सासऱ्यांची गिरणी बंद पडून वर्ष झालेलं, घरात दोन बहिणी. अण्णा म्हणाले, पंधरा दिवस थांब. थांबला असता तर जागा गेली असती. तो गेला.

पुढे बदली होऊन मुंबईत आला, पण अण्णांकडे फिरकला नाही. टीव्हीवर पिक्चर लागला की हा उठून कुंड्यांना पाणी घालायला जातो. आमच्या झाडांची मुळं त्यानं कुजवली. एकदाच म्हणाला होता, "एवढा सोन्यासारखा पिक्चर त्यांचा, आणि लोक हसतात ते मी पाडलेल्या भोकाला. त्यात मी काही धड तरी केलं होतं का, कोण जाणे. ते एका शब्दानं कधी बोलले नाहीत." चार वर्षांपूर्वी अण्णा गेले. शोकसभा पार्ल्यात, आमच्या अंधेरीहून रिक्षानं कितीसं लांब? चपला घालून दारापर्यंत गेला आणि तिथंच बसला. "काय तोंड घेऊन जाऊ?" म्हणाला. मला इतका राग आला होता त्याचा, आणि इतकी कीव.

तर या जानेवारीत आमच्या श्वेतानं, म्हणजे लेकीनं, तीन तिकिटं आणली. पार्ल्याच्या नाट्यगृहात रविवारी सकाळी 'एक खोली'च्या नव्या प्रिंटचा खेळ होता, आणि नंतर पिक्चरचे एडिटर चंद्रप्रकाश यांच्याशी गप्पा.

"मी येणार नाही," सुबोध म्हणाला.

"बाबा, कोण ओळखणारे तुम्हाला? तेव्हा केस होते."

"नाही म्हटलं ना."

मग मी तोंड उघडलं. "हे बघ, अण्णांच्या वेळी उंबऱ्यावर बसलास, तेव्हा मी गप्प बसले. आता चंद्रप्रकाश ऐंशीच्या पुढचे आहेत. त्यांच्याही शोकसभेला उंबऱ्यावरच बसायचंय का तुला?" बोलले आणि वाटलं, जरा जास्तच झालं. पण तो आला. शेवटून दुसऱ्या रांगेत, कोपऱ्यातली खुर्ची धरून.

नाट्यगृह खच्चून भरलेलं. लोक डायलॉग पडद्याच्या आधी म्हणत होते. आत्या जिना चढली तसा सगळ्यांनी मिळून "जांभळी" असा पुकारा केला आणि ती आत शिरली तसा "मोरपंखी". माझ्या शेजारच्या काकू तर घड्याळ दिसलं की आपल्या मनगटाकडे बघून मान हलवायच्या. एखाद्या पिक्चरवर लोकांचं एवढं प्रेम असतं, हे घरी टीव्हीसमोर कळत नाही. मला फार भारी वाटत होतं. सुबोध मात्र मांडीवर हात ठेवून, तोंडी परीक्षेला बसल्यासारखा.

मग धोंडूचा सीन आला. मी तो शंभरदा पाहिला असेल, पण भाजी चिरता चिरता. आई म्हणते, "धोंडू, रॉकेल." बावीस वर्षांचा सुबोध नोकरीच्या मुलाखतीला निघालेला असतो, अंगात इस्त्रीचा शर्ट. शर्टाची बटणं काढतो, शर्ट खुंटीला लावतो, जुना गंजीफ्रॉक अंगात तसाच ठेवून कॅन उचलतो. दारातून मागे वळतो आणि शर्टाची कॉलर सरळ करतो. "येतो गं," म्हणतो आणि जातो.

बस एवढंच. पण मघापासून ओरडणारं थिएटर तेवढ्यापुरतं गप्प झालं, काकूसुद्धा. मग मागून कुणीतरी ओरडलं, "आता कसला येतोस?" आणि सगळे खो खो हसले. माझं टाळकंच सरकलं. सुबोधनं माझा हात घट्ट धरून ठेवला म्हणून, नाहीतर वळून बोललेच असते.

पिक्चर संपल्यावर चंद्रप्रकाश स्टेजवर आले. बारीकसा माणूस, आवाज खणखणीत. पहिलाच प्रश्न एका मुलीनं विचारला, अर्थात तोच. "सर, एवढे मोठे एडिटर तुम्ही, धोंडू हरवला ते तुमच्या लक्षात नाही आलं?"

हशा थांबेपर्यंत ते थांबले.

"चूक आहे, कबूल," ते म्हणाले. "पण ती राहून गेलेली नाही, मुद्दाम ठेवलेली आहे. तो पोरगा नोकरीसाठी मध्येच गेला. अण्णा भयंकर चिडले. मला म्हणाले, त्याला मुळापासून उपटून काढ. मी काढला. कुठेही खटकत नव्हतं. नाव 'सहा माणसं' केलं की विषय संपला."

सुबोध खुर्चीत आणखी खाली सरकला.

"अण्णांना तसा दाखवला. बघून झाल्यावर म्हणाले, तो शर्ट काढतो तो कापलेला सीन परत लाव जरा. परत लावला. म्हणाले, हे मी त्याला सांगितलेलं नाही. मी म्हटलं होतं, कॅन उचल आणि जा. त्यानं शर्ट काढला, कारण त्याच्या घरी तसंच करत असणार. रॉकेलचा वास कपड्यातून जात नाही. मला लिहायला बसून सुचलं नसतं हे. हा सीन ठेवायचा. मी म्हटलं, अण्णा, मग पुढे तो जातो कुठे? लोक विचारतील. निदान एक वाक्य घालू या, मामाकडे गेला म्हणून. तर म्हणाले, नको. विचारू देत. विचारतील म्हणजे पोरगा त्यांना आवडलाय."

हॉलमध्ये कुणी हसलं नाही.

"मरेपर्यंत लोकांनी अण्णांना हाच प्रश्न विचारला. टीकाकारांनी झोडपलं. पण त्यांनी कधी खुलासा केला नाही. मी म्हणायचो, त्या पोराला कळवा तरी. तर म्हणायचे, नको, सरकारी नोकरीत सुखी असेल, आपण पुन्हा हे खूळ त्याच्या डोक्यात घालायचं नाही."

मी कधी उभी राहिले, मला कळलं नाही. "तो इथं बसलाय," मी म्हटलं. "हा. माझा नवरा."

सगळी डोकी मागे वळली. सुबोधला उठावंच लागलं. हात जोडून उभा राहिला बिचारा, टक्कल घामानं चकाकतंय. मग टाळ्या सुरू झाल्या, आणि पुढच्या रांगेपासून लोक उभे राहायला लागले. मघाशी ओरडणारा मागचा माणूसही उभा होता. त्याला मी माफ केलं.

चंद्रप्रकाश स्टेजच्या कडेपर्यंत आले, डोळ्यांवर हात धरून बघत राहिले. सुबोधनं एवढंच विचारलं, "सर, अण्णा रागावूनच गेले का माझ्यावर?"

"अरे वेड्या," ते म्हणाले, "राग धरला असता तर तू पिक्चरमध्ये दिसला असतास का?"

परतताना आम्ही रिक्षा केली. श्वेता मध्ये, आम्ही दोघं दोन बाजूंना. रिक्षा हायवेला लागली. सुबोध बाहेर बघतच म्हणाला, "अस्मिता, म्हणजे मी चांगला होतो ना गं?"

तीस वर्षं तो प्रश्न मनात घेऊन हा माणूस ऑफिसला गेला, बहिणींची लग्नं केली, कुंड्यांना पाणी घातलं, आणि विचारलं नाही कुणाला. मी म्हटलं, "होतास रे. फार चांगला होतास."

त्यानं मान हलवली. आणि मग चोपन्न वर्षांचा माझा नवरा पोरीच्या खांद्यावर डोकं टेकून ढसाढसा रडला, आणि मी त्याला रडू दिलं.