चार्ज घ्यायला कोणी नाही

मी भित्री आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी माझ्याकडून शौर्याची अपेक्षा धरायला नको. पाल दिसली की मी खुर्चीवर चढते. युनियनच्या सभेत हात वर करायचा तर शेजारणीचा वर गेलाय का ते आधी बघते. अशा बाईला पाणीपुरवठा खात्याने पंपघरात बसवलं आणि क्लोरीनच्या खोलीची किल्ली तिच्या कमरेला लावून दिली. आता खात्याची अक्कल काय वर्णावी!

पण उभी हयात त्या पंपघरात काढली आणि निभावून नेली. निवृत्तीला फक्त चार महिने राहिले होते. आमचे हे खासगी कारखान्यात होते. तो कारखाना एका सकाळी बंद झाला आणि पुन्हा उघडलाच नाही. पेन्शन तर सोडाच, ह्यांना डब्याची पिशवी आणायलाही आत सोडलं नाही. तेव्हापासून आमच्या घरात माझ्या पेन्शनीबद्दल बोलताना सगळ्यांचा आवाज आपोआप हळू होतो, जसं काही मोठ्याने बोललं तर ती उडून जाईल.

माझी सूनही त्याच पंपघरात, दुपारच्या पाळीला. फरक एवढाच की मी कायम आणि ती कंत्राटी. काम तेच, पगार निम्म्याहून कमी. दर अकरा महिन्यांनी तिला एक दिवस घरी बसवतात आणि दुसऱ्या दिवशी नव्याने घेतात, म्हणजे सलग नोकरी झाली असं तिला कधी म्हणता येऊ नये. त्या एका दिवशी ती घरभर फडकं मारत फिरते आणि कुणाशी बोलत नाही.

तिच्यासारख्यांना कायम करा, पगार सारखा द्या, पेन्शन सगळ्यांना लागू करा, एवढंच युनियनचं म्हणणं होतं. खात्याने कानावर हात ठेवले. मग आमच्या सेक्रेटरीने संप पुकारला. ह्या सेक्रेटरीला आम्ही भोंगा म्हणतो, कारण त्याला माइक लागत नाही. सोमवारी दुपारी दोन वाजता, पाळी बदलताना, संप सुरू. दोनच्या पाळीने आत पाऊल टाकायचं नाही. भोंग्याने हे तीन बैठकांत तीनदा समजावलं, प्रत्येक वेळी आम्ही टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा वाजवल्या, शेजारणीच्या पाठोपाठ.

आता आमच्या पंपघराचा रिवाज सांगायला हवा. पुढच्या पाळीचा माणूस समोर येऊन उभा राहतो, किल्ली हातातून हातात जाते, तेव्हा चार्ज दिला असं होतं. टेबलावर किल्ली ठेवून निघून गेलेला माणूस पळून गेला असं धरतात. क्लोरीनचा सिलिंडर बदलायचा तोही पाळी बदलतानाच, कारण तेव्हाच पंपघरात दोन माणसं असतात. एकाने झडप फिरवायची, दुसऱ्याने मास्क घेऊन दारात उभं राहायचं आणि पहिल्यावरची नजर काढायची नाही.

आत कोण येणार नाही ह्याची तीन बैठका चर्चा झाली. आत बसलेली बाई बाहेर कशी येणार, हे एकाही शहाण्याला सुचलं नाही. मलाही नाही. मी तर त्या दिवशी येताना भाजीची पिशवी आणली होती, सुटल्यावर बाजारात जाईन म्हणून.

दोन वाजले. फाटकाच्या बाहेर घोषणा सुरू झाल्या. पंप नेहमीसारखा घरघरत होता. मी दाराकडे बघत बसले आणि हळूहळू माझ्या ध्यानात आलं की ह्या दारातून आज कोणी येणार नाही. मग मी सिलिंडरमध्ये किती क्लोरीन उरलाय ते दाखवणाऱ्या भिंतीवरच्या काट्याकडे पाहिलं. काटा खाली टेकायला आला होता, कारण दोन वाजता तो बदलायचाच होता. मी पाणी प्यायला ग्लास उचलला तर अर्धं पाणी पदरावर सांडलं.

पहिला फोन भोंग्याचा आला.

"मावशी, अजून आत काय करताय? सगळे बाहेर तुमची वाट बघतायत."

"चार्ज कुणाला देऊ?"

पलीकडे घोषणा ऐकू येत होत्या, भोंगा मात्र गप्प. त्याला गप्प बसलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

"हे आपलं राहूनच गेलं की," तो शेवटी म्हणाला. "थांबा, कमिटीशी बोलून सांगतो."

"आणि सिलिंडर संपत आलाय त्याचं?"

"तेही विचारतो," म्हणाला आणि फोन ठेवला. कमिटी म्हणजे तो आणि आणखी दोघे, तिथेच त्याच्या शेजारी उभे असणार. तरी पुन्हा त्याचा फोन काही आला नाही.

दुसरा फोन आमच्या इंजिनिअर साहेबांचा. हे साहेब कधी आवाज चढवत नाहीत, त्याचीच मला जास्त भीती वाटते. ओरडणारा माणूस निदान दमतो तरी.

"मावशी, तुम्ही जागेवर आहात ना? छान. सिलिंडर बदलून घ्या."

"एकटीने, साहेब?"

"इतक्या वर्षांचा अनुभव आहे तुमचा."

"पण दोघांशिवाय बदलायचा नाही असा नियम..."

"नियम मला ठाऊक आहे. क्लोरीन नसेल तर पंप बंद करावा लागतो, हाही नियमच. पण आज पंप बंद झाला तर तो संपासाठी बंद केला असंच वर कळवावं लागेल मला. आणि तसं कळवलं की तुमच्या सेवेत खंड धरतात, मग पेन्शन अडकते. चार महिन्यांवर आलात तुम्ही. घरी कोण कोण आहे तुमच्या?"

घरी कोण आहे ते त्यांना चांगलं माहीत होतं. सुनेला कामावर लावायला मीच त्यांच्या पाया पडले होते.

"बदलते," मी म्हणाले.

आता कुणी म्हणेल, नाही म्हणायचं होतं. असं म्हणणाऱ्याने त्या खुर्चीत बसून दाखवावं. माझ्या डोळ्यांसमोर आमचे हे होते, आणि ते कारखान्याच्या फाटकावरून रिकाम्या हाताने परत आले ती सकाळ. पुन्हा तशी सकाळ आमच्या घरात आली तर ती त्यांना झेपणार नाही.

क्लोरीनची खोली पंपघराच्या मागच्या अंगाला आहे. बाहेरच्या भिंतीवर मास्क टांगलेला असतो. तो तोंडावर चढवला तर काच माझ्याच श्वासाने धुरकट झाली. कुलूप उघडायला नेहमी एक क्षण लागतो. त्या दिवशी किल्ली भोकात जाईना. आमच्या जुन्या फिटरने असंच एकदा एकट्याने सिलिंडर बदलला होता, घाई होती म्हणून. नळीच्या तोंडाशी वायसर नीट बसला नाही. तो वाचला, पण आता घराच्या ओट्यावर बसलेला असतो आणि दोन शब्द बोलला की पुढचा श्वास शोधत राहतो. मी त्याला भेटायला गेले होते. परत येताना ठरवलं होतं की पुन्हा जायचं नाही, आणि गेलेही नाही.

मी आत गेले. रिकामा होत आलेला सिलिंडर एका बाजूला, भरलेला दुसऱ्या बाजूला. अमोनियात भिजवलेला बोळा काठीला बांधून झडपेभोवती फिरवला. गॅस गळत असेल तर तिथे पांढरा धूर दिसतो. दिसला नाही. हायसं वाटायला हवं होतं, वाटलं नाही, कारण गळायची वेळ अजून यायचीच होती. झडपेला पाना लावला तर लोखंडावर लोखंड वाजू लागलं. त्या आवाजाने मी आणखी घाबरले. मागे वळून दाराकडे पाहिलं, सवयीने. दारात कोणी नव्हतं. मी पडले तर मला कुणी ओढून काढणार नाही, हे मला त्या रिकाम्या दाराकडे बघून जितकं कळलं तितकं कोणत्याही नियमाच्या पाटीवरून कळलं नव्हतं.

पुन्हा पाना लावला. डोळे मिटले. आणि खिडकीवर कुणीतरी थापा मारल्या. माझा जीव असा उडाला की पाना हातातून पडला.

बाहेर माझी सून उभी होती. गाळणीच्या हौदांमागून चिखलातून आली असावी, साडी गुडघ्यापर्यंत भरलेली. मी धावत बाहेर आले आणि मास्क काढला.

"तू कशाला आलीस इथे? कुणी पाहिलं म्हणजे?"

"मला माहीत होतं," ती धापा टाकत म्हणाली. "बाहेर भोंगा म्हणाला सिलिंडर संपत आलाय, तेव्हाच मला कळलं. साहेबांनी नुसतं हं केलं तरी तुम्ही आगीत हात घालाल, आई. सरका. मी धरते दार."

"तू संपावर आहेस."

"पाच मिनिटांचं काम आहे. मास्क कुठाय दुसरा?"

ती उंबऱ्याकडे निघाली आणि मी तिच्या आडवी झाले. खरं सांगायचं तर आधी माझ्या मनात आलं ते वेगळंच. आली ते बरं झालं, असं आलं. सिलिंडर बदलेल, पाणी चालू राहील, पेन्शन वाचेल, संध्याकाळी घरी जाऊन मी चहा पिईन. मग मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. ओठ पांढरे पडले होते. ही पोरगी क्लोरीनला माझ्याइतकीच भिते, मीच तिला भ्यायला शिकवलंय.

आणि ती त्या वेळी कामावर नव्हती. संपाच्या यादीत होती. आत काही झालं असतं तर खात्याने सांगितलं असतं की ही बाई ड्यूटीवर नव्हतीच, आत शिरलीच कशी. युनियनने सांगितलं असतं की ही संप फोडायला गेली होती. दोघांनी मिळून तिला झटकून टाकलं असतं. माझ्यामागे निदान एक नोकरी होती. तिच्यामागे काहीही नव्हतं.

"आत यायचं नाही," मी म्हणाले.

"आई, पेन्शन..."

"आत यायचं नाही म्हटलं ना."

मी क्लोरीनच्या खोलीला कुलूप लावलं. आता किल्ली भोकात बरोबर गेली. पंपघरात आले तर काटा टेकलेला होता. लाल बटणावर हात ठेवला आणि तिथेच उभी राहिले. सून उंबऱ्याबाहेरून बघत होती. मी बटण दाबलं.

पंप थांबायला जरा वेळ घेतो. घरघर खाली खाली गेली आणि थांबली. मी त्या खोलीत कधी शांतता ऐकली नव्हती. फाटकावरच्या लोकांनाही कळलं असावं, कारण घोषणा मध्येच थांबल्या आणि मग दुप्पट जोराने सुरू झाल्या. त्यांना वाटलं संप जिंकत आलो. मी फोनकडे बघत राहिले.

फोन वाजला.

"पंप कुणी बंद केला?" साहेब तितक्याच हळू बोलले.

"मी."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

"क्लोरीन संपला. दुसरं माणूस नव्हतं."

"दुसरं माणूस कोणीतरी मागच्या बाजूने आत शिरलंय असं मला आत्ताच कळवलंय. कोण आहे तुमच्याजवळ?"

सून उंबरा ओलांडून माझ्याजवळ आली. स्वतःचं नाव सांगायला तिने तोंड उघडलं होतं. मी मोकळा हात तिच्या तोंडावर दाबला, जरा जोरातच.

"कोणी नाही, साहेब," मी म्हणाले. "चार्ज घ्यायलाच कोणी आलं नाही. मी एकटी आहे."

पलीकडे ते काहीतरी लिहीत असावेत. मग फोन ठेवल्याचा आवाज आला.

"का नाही बोलू दिलंत?" सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "दोघींनी मिळून केलं असं म्हटलं असतं. तुमची पेन्शन गेली तर बाबा..."

"तुझं नाव खात्याच्या कायमच्या यादीत लागू दे आधी. मग सांग ते कुणाला सांगायचं ते. आता जा, सगळ्यांत जाऊन बस. कुठे होतीस विचारलं तर लघवीला गेले होते म्हण."

"तुम्ही?"

"मला जाता येत नाही. किल्ली माझ्याकडे आहे."

ती हौदांमागच्या वाटेने निघाली. मी खिडकीशी उभी राहिले. तिने वळून पाहिलं नाही, ते फार बरं केलं. पाहिलं असतं तर मी तिला हाक मारून परत बोलावलं असतं.