फुलस्टॉप नसलेला मेसेज

माझी ताई इंग्रजी छापखान्यात प्रुफं तपासायची. छापखान्याने तिला निवृत्त केलं, पण तिच्या नजरेला ते कुणी कळवलंच नाही. आता ती घरीच संध्याकाळी वर्ग घेते. दुकानदार, कारकून, दवाखान्यात फोन घेणाऱ्या बायका असे लोक येतात आणि रोजच्या इंग्रजी लिखाणात कॉमा कुठे, फुलस्टॉप कुठे, अपॉस्ट्रॉफी कुठे द्यायची नाही, हे शिकून जातात. गिऱ्हाइकाला पाठवायच्या दोन ओळींवर ती सगळा वर्ग घालवते. उद्गारचिन्हांची रांग लावणाऱ्याला म्हणते, "ओरडू नकोस, मी बहिरी नाही." तीन प्रश्नचिन्हं टाकणाऱ्याला म्हणते, "प्रश्न एकच विचारलास ना?"

मी तिचा धाकटा भाऊ. कुलपं बसवतो, अडकलेली उघडतो, किल्ल्या करून देतो. माझ्या धंद्यात 'येतो' एवढं लिहिलं की भागतं. ताईचं भागत नाही. आमच्या घरच्या ग्रुपवर सगळं इंग्रजीत चालतं, कारण दादाच्या सुनेला आपली भाषा बोलता येते, वाचता येत नाही. तिथे मी काही लिहिलं की ताईचं उत्तर यायचं, नुसतं एक टिंब. कधी नुसता कॉमा. माझ्या वाक्यात जे राहिलं असेल तेवढंच. मग ते वाक्य नीट करून परत पाठवल्याशिवाय सुटका नाही. आमच्याकडे हा दंडच होता. दादा एवढा आजोबा झालेला माणूस, पण तोही निमूट भरायचा.

एकदा मी वैतागून विचारलं होतं, "एका टिंबावाचून काय आभाळ कोसळतं गं?"

"कोसळत नाही," ती म्हणाली. "पण टिंब दिसलं नाही की मी फोन हातात धरून बसते. वाटतं, याचं अजून काही सांगायचं राहिलंय."

एका संध्याकाळी दादाने ग्रुपवर तिची खोडी काढली. "ताई, एक दिवस एकही चिन्ह न वापरता लिहून दाखव. घास उतरणार नाही तुझ्या घशाखाली."

ताईने लिहिलं, "उतरेल, पण मी का उपाशी राहू?" त्यातसुद्धा कॉमा बरोबर जागी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानात किल्ली घासत होतो. फोन वाजला. ग्रुपवर ताईचा मेसेज होता. इंग्रजीतला, पण आपल्या भाषेत सांगायचा तर असा:

मी ठीक आहे आज वर्ग नाही कुणी येऊ नका मी झोपते आहे

लगेच दादाने टाळ्यांचा पाऊस पाडला. "आज सूर्य कुठून उगवला?" सुनेने हसरे चेहरे पाठवले. मीही हसलो. एवढ्या वर्षांत ताईला दंड करायची संधी पहिल्यांदाच चालून आली होती, ती कोण सोडणार? मी तिला एक टिंब पाठवलं. नुसतं टिंब. आणि आता काय सणसणीत उत्तर येतंय म्हणून बघत राहिलो.

तिने ते पाहिल्याच्या निळ्या खुणा उमटल्या. उत्तर आलं नाही.

मी किल्ली पुन्हा हातात घेतली, पण घासता येईना. मेसेज पुन्हा वाचला. ताप अंगात असतानाही शाल गुंडाळून शिकवणारी बाई वर्ग बंद ठेवते? आणि पैज म्हणून तिने चिन्हं गाळली असतील, मान्य. पण कुणीतरी चूक दाखवली आहे आणि ताई ती तशीच ठेवून झोपली आहे, हे मला पटेना.

फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. या वेळी उचलला गेला, पण बोललं कुणी नाही. श्वास ऐकू आला, मग काहीतरी फरशीवर घासत गेल्यासारखा आवाज आला, मग फोन तुटला.

मी दादाला फोन केला. तो दुसऱ्या गावात राहतो.

"अरे, पैज जिंकतेय ती," तो हसत म्हणाला. "तुला घाबरवतेय. तू लहानपणापासून भित्राच."

"दादा, मी तिला टिंब पाठवलं. तिने ते बघितलं आणि सोडून दिलं."

तिकडचं हसू थांबलं. आमच्या घराबाहेरच्या कुणाला या वाक्यात काही कळलं नसतं. दादाला सगळं कळलं.

"तू जा," तो म्हणाला. "आधी जा. मग मला सांग."

हत्यारांची पिशवी स्कूटरला अडकवली आणि निघालो. दुकान उघडंच राहिलं, हे नंतर लक्षात आलं. रस्ताभर मी स्वतःला शिव्या घालत होतो आणि त्याचं कारण होतं ताईचं कुलूप. ती एकटी राहते म्हणून ते मीच बसवलं होतं. माझ्याकडचं सगळ्यात पक्कं. बसवताना ऐटीत म्हणालो होतो, "ताई, हे उघडायला मलासुद्धा घाम फुटेल." तिची दुसरी किल्ली माझ्याकडे राहू दे, असंही म्हणालो होतो. तिने दोन्ही किल्ल्या स्वतःच्या पर्समध्ये टाकल्या. "दुसरी किल्ली असली की लोक दार वाजवायला विसरतात," म्हणाली. गावभर किल्ल्या करून देणाऱ्या माझ्याकडे सख्ख्या बहिणीच्या घराची किल्ली नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

तिसऱ्या मजल्यापर्यंत पळत गेलो. घंटी वाजवली, दार बडवलं.

"ताई! मी आहे. दार उघड."

काही नाही. मी दाराला कान लावला. आत नळ चालू होता. भांड्यावर पाण्याची धार पडत होती, ती कुणी बंद करत नव्हतं. आणि ताई म्हणजे थेंब गळला तरी उठणारी बाई.

समोरच्या घरातली शिंपीण गळ्यात टेप अडकवलेली तशीच बाहेर आली. "सकाळपासून मशीन चालू होती माझी, मला काही ऐकू आलं नाही हो," ती म्हणाली.

"रुग्णवाहिका बोलवा," मी म्हणालो.

"आत काय झालंय ते बघू तरी आधी."

"बोलवा म्हणतो ना!" मी खेकसलो. ती बिचारी फोन आणायला धावली.

हुकाची सळई कुलपात घातली. घाईत आतली एक पिन वर जाईपर्यंत दुसरी खाली यायची. हेच काम मी गिऱ्हाइकांशी गप्पा मारत करतो. आता मात्र जमेना. सळई फेकली आणि ड्रिल काढलं. पहिलं पातं मोडलं. पक्कं कुलूप ना! बनवणाऱ्याला, विकणाऱ्याला आणि बसवणाऱ्या मला मी एका दमात शिव्या दिल्या. दुसरं पातं लावलं. "ताई, आलो गं, आलो," असं मी मोठ्याने बडबडत होतो, कारण गप्प राहिलो असतो तर नळाचा आवाज ऐकू आला असता आणि तो मला ऐकायचा नव्हता. मला वाटत होतं, कुलूप उघडेल आणि उशीर झालेला असेल. एवढंच वाटत होतं, दुसरं काही नाही.

कुलूप फुटलं.

ताई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी जमिनीवर होती, पाठ भिंतीला लावून. डोळे उघडे. माझ्याकडे बघत होती. तोंडाची एक बाजू खाली ओघळली होती आणि उजवा हात मांडीवर कुणी दुसऱ्याचा आणून ठेवावा तसा पडला होता. डाव्या हाताशी फोन होता, बोललेलं लिहून घेणारा माइक चालू. ताईला त्या सोयीचा भयंकर राग. "यंत्राला चिन्हं कळत नाहीत," म्हणायची. सकाळी बोटं ऐकेनात म्हणून तिने फोनला तोंडी सांगितलं असणार, तेव्हा जीभ अजून शाबूत होती. आता पडद्यावर मी दाराबाहेरून मारलेल्या हाका होत्या. त्या इंग्रजी समजून फोनने भलतेच शब्द लिहिले होते, ओळीमागून ओळ, कुठे काही थांबत नव्हतं. ते बघून मला जास्त भीती वाटली.

"ठीक आहे मी, असं कशाला लिहिलंस?" मी रडत ओरडलो. तिने काहीतरी म्हटलं. त्यात एकही शब्द नव्हता.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळेत आणलंत. मेंदूतली गुठळी विरघळली. पण बोलणं, वाचणं, लिहिणं किती परत येईल, ते आत्ता सांगता येणार नाही. "अक्षरं, खुणा ओळखता येतात का, हळूहळू बघू," त्या म्हणाल्या. जीव वाचला म्हणून दादा तिच्या उशाशी बसून ढसाढसा रडला. मीही देवाचे आभार मानले. पण 'खुणा' हा शब्द ऐकल्यापासून माझी झोप उडाली होती. ताई जिवंत आहे आणि तिला कॉमा ओळखता येत नाही, अशी ताई मला डोळ्यांसमोर आणवत नव्हती.

ताईच्या दाराला मी नवं कुलूप बसवलं आणि त्याच्या दोन्ही किल्ल्या तिच्या उशाशी आणून ठेवल्या. काही दिवसांनी एका दुपारी तिने डाव्या हाताने माझ्या खिशाकडे बोट दाखवलं. तिचा फोन माझ्याकडे होता. दिला. माइककडे तिने पाहिलंसुद्धा नाही. डाव्या अंगठ्याने एकेक अक्षर शोधत ती लिहीत राहिली. कपाळावर घाम आला तरी मला हात लावू दिला नाही. मग माझा फोन वाजला. ग्रुपवर मेसेज होता:

मी ठीक आहे,

दादाने लगेच बदाम पाठवले. सुनेनेही. मी मात्र गार पडलो. शेवटी कॉमा होता. जिथे फुलस्टॉप हवा तिथे कॉमा. वर्गातल्या नवख्या माणसानेसुद्धा ही चूक केली नसती. म्हणजे गेलं, मला वाटलं. तेवढं मात्र गेलं.

"ताई," मी शक्य तितक्या हळू म्हणालो, "इथे टिंब हवं ना गं?"

तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशी ती तीन प्रश्नचिन्हं टाकणाऱ्याकडे बघते. मान हलवली. वाकड्या तोंडातून मोठ्या कष्टाने एकच शब्द आला, "थांब."

अंगठा पुन्हा फिरू लागला. मी फोन हातात धरून बसलो. शेजारच्या खाटेवरच्या आजींचं जेवण आलं, उरकलं, ताट गेलं. मग फोन वाजला.

पण दुसरी किल्ली तुझ्याकडे ठेव.

शेवटी टिंब होतं.