वरच्या पट्टीतला पांढरा

काचेच्या बाबतीत मला कोणी फसवू शकत नाही. ही फुशारकी नाही, अनुभव आहे. घरामागच्या आमच्या लांबट खोलीत भिंतभर फळ्या आहेत, फळ्यांवर बरण्या आणि बरण्यांत काचेच्या टाइल्स, नखाएवढ्यापासून काड्यापेटीएवढ्यापर्यंत. एकाही बरणीवर नंबर नव्हता की नाव नव्हतं. सून लग्न होऊन आली तेव्हा तिने हौसेने सगळ्या बरण्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. मी त्या तिच्यादेखत नखाने खरवडून काढल्या आणि म्हटलं, "रंग वाचायचा नसतो, बघायचा असतो." तिने नाक मुरडलं. मुरडू दे म्हटलं, नाक तिचं आहे.

आम्ही काचेच्या तुकड्यांची भिंतीवरची चित्रं करतो. हॉटेलांचे जिने, दवाखान्यांच्या भिंती, एखाद्या हौशी माणसाची न्हाणीसुद्धा. तुकडे तोडायचं काम आमच्या ह्यांचं. दोन धारदार चाकं बसवलेल्या पकडीत टाइल धरून हे अशी काही दाबतात की काच सांगितल्या जागीच तुटते. बोलणं मात्र बेताचं. रंग निवडायचे ते मी. चिकटवायचं मी आणि सुनेने. तयार झालेलं भिंतीवर चढवणं मुलाकडे.

आमचं सगळं काम उलटं चालतं. जाड कागदावर खळ लावायची आणि त्यावर टाइल्स पालथ्या चिकटवायच्या, तोंड कागदाकडे. असा एकेक तक्ता भरला की तो भिंतीवरच्या ओल्या, पांढऱ्या ॲडेसिव्हमध्ये दाबून बसवायचा. मग कागद स्पंजने भिजवायचा आणि हलक्या हाताने ओढून काढायचा. काचेचा रंग पाठीकडूनही कळतो, पण तोवर चित्राचं तोंड कोणी पाहिलेलं नसतं. म्हणून आमच्याकडे एक नियम आहे. ज्याने रंग निवडले, कागद त्यानेच ओढायचा. चांगलं निघालं तर कौतुक त्याचं, वाईट निघालं तर तोंडही त्यानेच दाखवायचं. प्रत्येक कागद मीच ओढत आले होते.

तर पोहण्याच्या तलावाची भिंत आमच्याकडे आली. नवा बंदिस्त तलाव, आणि त्याच्या लांबीएवढी भिंत. मी त्यावर पाणी करायचं ठरवलं. खाली तळाचं काळं निळं पाणी, वर येता येता ते फिकट होत जाणार आणि छताखालच्या पट्टीत नुसता उजेड, पांढराच म्हणा ना. तळातून वर येणाऱ्या माणसाला दिसतो तसा. एवढी मोठी भिंत मला पुन्हा मिळणार नव्हती, हे मला कळत होतं. ती चांगली झाली तर गावातला प्रत्येक माणूस ओल्या अंगाने तिच्यासमोर उभा राहणार होता. आणि सगळं त्या वरच्या पट्टीवर होतं. तिथे उजेड आला नाही तर खालचं सगळं पाणी म्हणजे डबकं.

आणि नेमका पांढराच बिघडला. बरणी उघडावी तर आत पिवळट माल. मी टाइलवाल्याला फोन केला. "तुमचा पांढरा हल्ली दातांच्या रंगाचा येतोय," म्हटलं. तो बिचारा म्हणाला, "बाई, तीच भट्टी, तोच माल." मी दुसऱ्याकडून मागवला. तोही पिवळा. मग खोलीतल्या ट्यूब बदलल्या. नव्या ट्यूबही पिवळ्या. सगळं जग एकदम हलक्या प्रतीचा माल काढायला लागलं आहे अशी माझी खात्रीच झाली.

"आई, एकदा डोळे दाखवून येऊ या का?" सून म्हणाली.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "या डोळ्यांनी मी तुझ्या नवऱ्याला वाढवलंय आणि या बरण्याही," मी म्हटलं. "माल खराब आहे तर माल दाखव कुणाला तरी."

त्यावर ती गप्प बसली असती तर ती आमची सून कसली! "माल मी बघितलाय," म्हणाली आणि खळ ढवळायला गेली.

घरातही तेच. ह्यांचे पांढरे शर्ट पिवळे पडायला लागले होते. मी काही हार मानणारी नव्हे. बादलीत निळीची पुडी ओतली. एकीने भागेना तर दुसरी ओतली. शर्ट दोरीवर टाकून मागे सरून बघायचे, वा, कसे लख्ख निघालेत! ह्यांनाही दाखवायचे. हे मान हलवायचे.

मी पट्टीचंही तसंच केलं. पिवळट पांढऱ्याला बाजूला सारलं आणि दुसऱ्या बरण्यांतून मला स्वच्छ दिसणारे तुकडे वेचून एकेक तक्ता भरला. मनासारखा उजेड आला. मी फार खूश होते.

तक्ते न्यायच्या दिवशी मुलाने व्हॅन दाराशी लावली. खालचं गडद पाणी भिंतीवर आधीच चढलं होतं आणि झकास झालं होतं. आता पट्टीची पाळी. तर सून दारात आडवी उभी.

"हे तक्ते जाणार नाहीत."

"का? पाय मोडलेत त्यांचे?"

"आई, ही पट्टी पांढरी नाहीये. निळी आहे. कडेला तर जांभळी झालीय. पट्टीखालच्या फिकट पाण्यापेक्षा वरचा उजेड गडद दिसतोय."

"तू मला रंग शिकवणार?"

"शिकवत नाहीये, सांगतेय. रागवायचं असेल तर रागवा. पण मी दारातून हलणार नाही."

रागवायला मला परवानगी लागत नाही. मी तिचं माहेर सोडून सगळं काढलं. ती हलली नाही. शेवटी मी ह्यांच्याकडे वळले. "अहो, सांगा हिला काहीतरी!"

ह्यांनी पकड खाली ठेवली, हात पुसले आणि घरात निघून गेले. पळाले, असं मला वाटलं. पण हे परत आले ते दोन शर्ट घेऊन. एक दोरीवरून काढलेला, दुसरा नणंदेने दिलेला, अजून पाकिटातला. पाकीट फोडून ह्यांनी दोन्ही शर्ट तक्त्यावर शेजारी शेजारी पसरले.

"यातला पांढरा कुठला?"

मला हसूच आलं. "हा काय, दोरीवरचा. मी धुतलाय, पांढरा असणारच. दुसरा बघा कसा पाकिटात राहून पिवळा पडलाय."

मुलगा व्हॅनच्या टायरकडे बघत राहिला.

"अगं," हे म्हणाले, "पाकिटातला पांढरा आहे. कोरा करकरीत. दोरीवरचा निळा आहे."

"निळा म्हणजे?"

"निळा म्हणजे निळा. आकाशी. माझे सगळेच शर्ट आता निळे आहेत."

"आणि ते घालून तुम्ही बाहेर हिंडताय?"

"बाजारात, बँकेत. परवा लग्नातही."

"लोकांना वाटतं, बाबांना निळा आवडतो," सून म्हणाली.

"मग तोंडाला काय कुलूप लावलं होतंत?"

हे जरा वेळ शर्टाच्या कॉलरशी चाळा करत राहिले. "दोरीवर टाकताना तू किती खूश असायचीस. म्हटलं, शर्टाचं काय एवढं! पण भिंत म्हणजे शर्ट नाही. तुझी चुकलेली भिंत मी अंगात घालून हिंडू शकत नाही."

इतकं लांब बोलताना मी ह्यांना लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकलं. आणि मला भीती वाटली. राग नाही, लाज नाही, भीती. रंग गेला तर माझ्याकडे उरतं काय? स्वयंपाक मला कधीच धड आला नाही. मी तिथल्या स्टुलावर बसले आणि सुनेला म्हटलं, "कुठे आहे तुझा तो डोळ्यांचा दवाखाना?"

मोतीबिंदू निघाला. दोन्ही डोळ्यांत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डोळ्यातली भिंगं चहासारखी झाली आहेत, निळा रंग आत पोचतच नाही. आधी उजवा करू, मग काही आठवड्यांनी डावा. मी एकच विचारलं, "माझा रंग परत येईल?" "येईल," त्या म्हणाल्या, "आणि निळा इतका येईल की तुम्ही दचकाल." तलावाच्या लोकांना मुलाने थोडी मुदत मागितली. त्यांनी कुरकुर करत दिली.

उजव्या डोळ्यावरची पट्टी निघाली आणि मी घरी आले तेव्हा अंगणात दोरीवर ह्यांचे शर्ट वाळत होते. देवा रे! एखाद्या बँडपथकाचा गणवेशच जणू. मी हसत सुटले. हसू नका, वाकू नका, काय काय सांगितलं होतं, सगळं विसरले. आणि मग हसता हसता रडू आलं. एवढे दिवस हा माणूस हे अंगात घालून चारचौघांत गेला, आणि मला चकार शब्दाने बोलला नाही.

मग खोलीत जाऊन पट्टीचे तक्ते पाहिले. उजव्या डोळ्याने पाहिलं तर निळीची बादली सांडलेली. उजवा झाकून डाव्याने पाहिलं तर सुरेख उजेड. पुन्हा उजवा, पुन्हा डावा. डाव्या डोळ्याच्या हिशेबाने मी अजूनही बरोबरच होते! म्हणजे मी निष्काळजीपणा केला नव्हता. डोळ्यांत तेल घालूनच काम केलं होतं, डोळाच पिवळा निघाला त्याला मी काय करणार? हे मी सुनेला बजावून सांगितलं. "हो, आई," ती म्हणाली आणि टबात पाणी सोडलं. आम्ही सगळे तक्ते त्यात बुडवले. खळ सुटली, तुकडे मोकळे झाले, आणि आम्ही पहिल्यापासून सुरुवात केली.

टाइलवाल्याला फोन करून सांगितलं की तुमचा पांढरा पांढराच आहे. "बाई, मी तर तेच म्हणत होतो," तो म्हणाला. "बरं बरं, एकदा म्हणालात ना," म्हटलं आणि फोन ठेवला. बरण्यांवर सुनेने परत चिठ्ठ्या लावल्या. मी फक्त अक्षर बारीक काढायला सांगितलं.

पट्टीचा शेवटचा तक्ता खिडकीच्या बाजूचा होता. खरा उजेड तिथेच पडणार. तो मी पूर्णपणे सुनेवर सोपवला, रंगांसकट. जिने माझ्या दारात आडवं उभं राहायची हिंमत केली तिच्या डोळ्यावर विश्वास टाकायला मला कमीपणा वाटला नाही. म्हणजे थोडा वाटला, पण टाकला. मी त्या तक्त्याला बोटही लावलं नाही.

तो व्हॅनमध्ये चढवताना मात्र मला दिसलं; डावा डोळा अजून व्हायचा होता, पण उजवा चुकत नव्हता. चौथ्या ओळीत, कडेच्या जवळ, एक तुकडा जांभळट. जुन्या तुकड्यांतला राहिलेला असणार. मी तोंड उघडलं आणि मिटलं. दुसऱ्याची चूक बघायला डोळे सगळ्यांनाच असतात. तिला स्वतःची दिसते का, ते मला बघायचं होतं.

तलावात अजून पाणी सोडलेलं नव्हतं. मुलाने तक्ता दाबून बसवला, स्पंजने कागद भिजवला आणि शिडीवरून उतरला. कागद गडद झाला, कडा सुटायला लागल्या.

"ओढा, आई," सून म्हणाली.

"रंग कोणी निवडले?"

"ते ठीक आहे हो, पण भिंत तुमची..."

"नियम कोणाचा? माझा. चढ वर."

ती चढली. एका कोपऱ्यापासून, कागद भिंतीलगत ठेवून, सावकाश ओढत आली, मी शिकवलं होतं अगदी तसा. कागद सुटला आणि खालचं सगळं पाणी एकदम खोल झालं. उजेड आला होता. मुलाने शीळ घातली. निळ्या शर्टातले आमचे हे मान हलवत राहिले. आणि मी आयुष्यात कधी कोणाला विचारलं नव्हतं ते तिला विचारलं.

"कसं दिसतंय?"

ती खाली उतरून तलावाच्या काठापर्यंत मागे गेली. बराच वेळ बघत राहिली. मग तिचा चेहरा उतरला.

"चौथ्या ओळीत एक चुकलाय. जांभळा. माझाच आहे."

"एवढ्या उंचावरचा एक तुकडा कोण बघणार?" मुलगा म्हणाला.

"आम्ही," आम्ही दोघी एकदमच म्हणालो.

ॲडेसिव्ह अजून ओलं होतं. मुलाने चाकू दिला. ह्यांनी खिशात हात घातला आणि बरोबर त्याच मापाचा तोडलेला एक पांढरा तुकडा तिच्या हातावर ठेवला. म्हणजे ह्यांनाही आधीच दिसला होता! मी नुसतं बघितलं ह्यांच्याकडे. हे छताचे दिवे मोजायला लागले.

सून पुन्हा वर चढली. शिडी मी धरली. तिने चाकूच्या टोकाने जांभळा तुकडा उचकटला, नवा बोटांत धरला, आणि बसवण्याआधी खाली वाकून तो मला दाखवला.

"आई, पांढराच आहे ना हा?"

मी डावा डोळा झाकला आणि नीट पाहिलं.

"पांढरा आहे," मी म्हटलं. "बसव."