कॅनडा करून आल्यावर

काशी करून आलेल्याने प्रकाशा गावच्या महादेवाला जाऊन यावं, नाहीतर काशी अर्धीच राहते, असं तापीकाठी मानतात. उमाकांत गुरुजी काशीला गेलेच नव्हते. ते कॅनडाला गेले होते, नाताळच्या सुट्टीत, मुलाकडे. पण त्यांच्या पत्नी सुनिताबाईंच्या लेखी हा तपशील किरकोळ होता. गुडघ्यांमुळे त्या स्वतः गेल्या नव्हत्या, म्हणून नियमांना त्या जास्तच जपत होत्या.

“काशी करी येल मानूसले बी प्रकाशाले जानं पडस. तुम्ही ते समुद्र वलांडी येल शेतस.”

“अगं, नायगारा म्हणजे काय गंगा आहे?”

“पानी शे ना? मंग झायं.”

म्हणून फेब्रुवारीतल्या एका सोमवारी कोरीटहून शेजारच्या दोधूची बोलेरो निघाली. गाडी दोधूची, डिझेल दोधूचं, आणि बदल्यात त्याला गुरुजींकडून एकच गोष्ट हवी होती. ती त्याने गाव सुटायच्या आत मागितली.

“गुरुजी, तुम्ही सोताना डोयाघाई देखी येल शेतस. मन्हा पोऱ्या धर्मेंद्रले तठे धाडू का नको? एजंट रोज फोन करी ऱ्हायना. तुम्ही हा म्हना, उद्या फॉर्म भरस. नई म्हना, फाडी टाकस.”

“आधी दर्शन होऊ दे,” गुरुजी म्हणाले. चौतीस वर्षं वर्गातल्या अवघड प्रश्नांना ते ‘तास संपला की सांगतो’ असं उत्तर देत आले होते. सवय कामी आली.

गावाला ठाऊक असलेला कॅनडा असा: अमृत मोठ्या कंपनीत साहेब, घर ऐसपैस, आणि वडील आले म्हणून पोरगा दहा दिवस त्यांना नुसता फिरवतोय. फोटो सगळ्यांनी पाहिले होते. त्यातलं फिरवणं तेवढं खरं होतं. घरात बसायची सोयच नव्हती.

घर म्हणजे एका बंगल्याचं तळघर. सहा खाटा, सहा पोरं, त्यातली चार गोदामात रात्रपाळीला. ती सकाळी येऊन झोपत. तेव्हा खोलीत अंधार हवा, शांतता हवी, आणि कुणाचे खोकणारे वडील नकोत. धुळ्याला इंजिनिअर झालेला अमृतही त्याच गोदामात खोकी उचलत होता. वडिलांसाठी त्याने बिनपगारी सुट्टी घेतली, आपली खाट त्यांना दिली आणि स्वतः फ्रीजशेजारी जमिनीवर पडला. रोज सकाळी आठला बापलेक पर्यटनासाठी बाहेर काढले जात.

पहिल्या दिवशी नायगारा. सुनिताबाईंनी तिथलं पाणी आणायला सांगितलं होतं. पण काठाला कठडा, कठड्यावर वीतभर बर्फ. पाणी नुसतं तोंडावर उडत होतं, बाटलीत येत नव्हतं. बाटली शेवटी तळघरातल्या नळावर भरली. दुसऱ्या दिवशी नाताळची रोषणाई, तिसऱ्या दिवशी मॉल, चौथ्या दिवशी विमानतळ, कारण विमानं फुकट बघता येतात आणि आत हीटर असतो. पाचव्या दिवसापासून पुन्हा तोच मॉल. अमृत वडिलांची टोपी बदलून फोटो काढायचा, म्हणजे आईला मॉल वेगळा वाटावा. मग बाकावर बसल्या बसल्या झोपायचा. बोटांच्या पेरांवर थंडीने भेगा पडल्या होत्या, त्यांत रक्त सुकलेलं. जाता जाता एका गोऱ्या आजीबाईंनी ‘मेरी ख्रिसमस’ म्हटलं, तर गुरुजींनी ‘सेम टू यू’ अगदी हळू म्हटलं. पोरगं जागं झालं असतं.

सातव्या दिवशी ते म्हणाले, “घर चाल, बेटा.”

“कोनता तोंडवरी, आप्पा? आईनी गावले काय काय सांगेल शे, तुम्हले माहीत शे.” मग तोच पुढे म्हणाला, “तिले सांगू नका. मरी जाई ती.”

प्रकाशाला गर्दी बेताची होती. सुनिताबाईंनी पिंडीवर ती बाटली अर्धी रिकामी केली आणि डोळे मिटून हात जोडले. परदेशातल्या तळघराच्या नळाचं पाणी महादेवाने तक्रार न करता घेतलं. गुरुजी बाहेर येऊन घाटाच्या पायऱ्यांवर टेकले, तर दोधू हजर.

“आते सांगा. दर्शन झायं.”

“नको धाडू,” गुरुजी म्हणाले.

“का बरं?”

“थंडी फार असते.”

“थंडीले स्वेटर लेसूत. खरं सांगा.”

“काम अंग मोडणारं असतं. माणूस एकटा पडतो तिथे.”

“अमृतले शे का अंगमोड काम?”

सुनिताबाई बाटली पदराला पुसत तेवढ्यात मागे येऊन उभ्या होत्या. त्यांनी गुरुजींकडे पाहिलं. फोटोंनी आलेलं तेज दोन महिने झाले तरी तोंडावरून उतरलं नव्हतं. गुरुजींच्या जिभेवर वाक्य तयार होतं. ते त्यांनी गिळलं.

“नाही. अमृतचं चांगलं चाललंय.”

“म्हंजे तुम्हना पोऱ्याले थंडी वाजत नई, मन्हालेच वाजई?” दोधू उठला. “सरळ सांगा ना गुरुजी, गावमा एकच कॅनडावाला जोयजे तुम्हले.”

गुरुजींवर पोरांना बडवल्याचे आरोप पूर्वी झाले होते. मत्सराचा प्रथमच झाला.

परतीच्या वाटेवर दोधू बोलेरो रागाने हाकत होता. दोन्ही बाजूंनी पपईचे मळे मागे जात होते. शेवटी सुनिताबाईंनाच राहवेना.

“दोधूभाऊ, राग धरू नका. यास्ना सभावच घाबरट शे. तुम्ही फॉर्म भरी टाका. आनि पोऱ्यानी राहवानी काळजी करू नका. अमृतनं इतलं मोठं घर शे, एकलाच राहस. धर्मेंद्र तठेच उतरई.”

दोधूच्या मानेचा ताठा सैल झाला. “खरंच, वहिनी?”

“मंग काय! लिखी ल्या पत्ता. यास्ले पाठ शे.”

दोधूने गाडी कडेला घेतली, मोबाइल काढला आणि आरशातून गुरुजींकडे पाहिलं. सुनिताबाईही वळून पाहू लागल्या.

गुरुजींनी पत्ता सांगितला. घर नंबर, रस्ता, शहर, पिनकोड, शुद्धलेखन घालावं तसा सावकाश, थांबत थांबत. तळघर हा शब्द तेवढा गाळला.

“पुरा शे ना, गुरुजी?” दोधूने विचारलं.

“पूर्ण आहे,” गुरुजी म्हणाले.