उपग्रह गेल्यानंतर

धुराचे नकाशे काढणं हे तिचं काम. दुपारी दीडच्या सुमारास उपग्रह डोक्यावरून जाई आणि जिथे बंदी असूनही धसकटं जाळायला शेत पेटवलेलं असेल तिथे तिच्या पडद्यावर लाल ठिपका उमटे. ठिपके मोजून आकडा साहेबांना द्यायचा. त्यावरून गावांना नोटिसा जात.

गेल्या वर्षी ती गावी गेली होती, तेव्हा जेवताना दादाने विचारलं होतं, "काय गं तायडे, तुमचा तो वरचा चौकीदार येतो तरी कधी?"

"दीडला येतो, दोनच्या आत जातोसुद्धा," ती हसत म्हणाली होती.

यंदा ठिपके निम्म्यावर आले. साहेबांचं वरून कौतुक झालं. पण खिडकीतून समोरची पाण्याची टाकी दिसेना, आणि कार्यालयात जो तो खोकत होता. तिला चैन पडेना. दर दहा मिनिटांनी चित्र पाठवणारा दुसरा एक उपग्रह होता. चित्रं अंधुक, म्हणून ती कुणी उघडत नसे. तिने दिवसभराची चित्रं ओळीने लावून पाहिली. दोनपर्यंत सगळं स्वच्छ. तीन वाजता दूध उतू जावं तसा धूर चहूकडून वर आला.

ती चित्रं घेऊन ती साहेबांकडे गेली.

"आकडा कमी झालाय ना?" साहेब म्हणाले. "मग झालं तर."

तिने दादाला फोन लावला. "दादा, तुम्ही तीननंतर जाळता?"

"सगळेच जाळतात. तूच तर वेळ सांगितलीस! गावात केवढं नाव झालंय तुझं."

"बंद कर हे, ऐक माझं."

"पेरणी आठ दिवसांवर आलीये. धसकटं काय डोक्यावर घेऊन नाचू?"

तिने फोन ठेवला. साहेबांना लेखी द्यावं, असं रोज सकाळी मनात येई आणि संध्याकाळपर्यंत राहून जाई. असे चार दिवस गेले.

पाचव्या दिवशी वारा फिरला. साडेचारला गावाजवळच्या मोठ्या रस्त्यावर धूर उतरला आणि नऊ गाड्या एकमेकींवर आदळल्या. चौघं गेली. त्यात दवाखान्यातून स्कूटरवर घरी निघालेली गावातली नर्सबाई होती. शाळेत ती हिच्या एक वर्ग पुढे होती.

धूर कुठून आला, ते पोलिसांनी विचारलं. काम तिच्याकडेच आलं. दुसऱ्या दिवशीच्या स्पष्ट चित्रात रस्त्याला लागून तीन काळी शेतं दिसत होती. मधल्या शेतातली आपल्या घरची विहीर तिने बघताक्षणी ओळखली. तरी तिने तिन्ही शेतांचे क्रमांक लिहिले. खाली एक वाक्य जोडलं : उपग्रह जाण्याची वेळ गावाला माझ्याकडून कळली होती.

साहेबांनी त्या वाक्यावर आडवी रेघ मारली. "कार्यालयाला कशाला गोवता यात? क्रमांक पुरे आहेत."

तिघांना धरून नेलं. संध्याकाळी वहिनीचा फोन आला. आवाज बसलेला होता.

"ताई, यांनी सगळं कबूल केलं. वेळ कुणी सांगितली म्हणून खोदून खोदून विचारलं यांना. तुमचं नाव नाही घेतलं."

एवढं सांगून वहिनीने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ती पोलीस ठाण्यात गेली. खोडलेलं वाक्य तिने पुन्हा, कोऱ्या कागदावर, सहीनिशी लिहून नेलं होतं. अधिकाऱ्याने ते दोनदा वाचलं.

"बाई, वेळ सांगणं हा गुन्हा नाही. ती कुठेही वाचायला मिळते."

"पण मला चार दिवस आधी माहीत होतं."

"हेही गुन्ह्यात बसत नाही." त्याने कागद तिच्यापुढे सरकवला. "भावाला भेटायचंय का?"

तिने होकारार्थी मान हलवली. हवालदार आत जाऊन आला.

"तो नको म्हणतोय," हवालदार म्हणाला. "घरी जा म्हणाला."