सुईण आजीला विचारलेला प्रश्न

मित्रांनो, अंगणवाडीच्या मागच्या खोलीत, तांदळाच्या पोत्यांवर पालथी पडलेली म्हातारी बाहुली दिसते ना, ती मी. माझं नाव सुईण आजी. उंदरांनी माझी टाच कुरतडली आहे, लुगड्याला वास येतो. पण एके काळी मला हलवायला तीन माणसं लागत आणि माझ्या तोंडून बोलायला चौथं.

खोडाळ्यापलीकडच्या एका पाड्यावर माझा जन्म झाला. गरोदर बायांनी वेळेवर दवाखान्यात जावं, हे सांगायला एका संस्थेला बाहुलीचा खेळ हवा होता. संस्थेच्या साहेबांनी नमुना म्हणून चित्र पाठवलं. त्यात गोरी, गुबगुबीत गालांची डॉक्टरीणबाई होती. अंगणवाडीच्या प्रेमलाताईंनी ते चित्र सगळ्यांसमोर ठेवलं. मग शिवणकाम करणारी राही म्हणाली, "ताई, ही पाड्यात आली तर पोरं सुईच्या भ्यानं रानात पळतील."

सगळी हसली. आपल्या पाड्यातल्यासारखी सुईण करायची, असं ठरलं.

देवरामदादा बोहाड्याच्या उत्सवात नाचवायचे मुखवटे बनवत. त्यांनी कागदाच्या लगद्यात मेथीची पूड कालवून माझं डोकं घडवलं. नाक फारच लांब झालं, म्हणून प्रेमलाताईंनी ते ओलं असतानाच अंगठ्यानं दाबलं. दादा रागावून बाहेर जाऊन बसले. परत आल्यावर त्यांनी मला बराच वेळ निरखलं आणि नाक तसंच राहू दिलं. "आता ही कोणाची तरी आय दिसते," ते म्हणाले. धड बांबूच्या कामट्यांचं झालं. राहीनं आपलं जुनं लुगडं मला नेसवलं. हात मात्र चंदनानं केले. चंदना त्यांच्यात धाकटी, वर्षापूर्वी लग्न होऊन पाड्यात आलेली. सावरीचा कापूस भरताना ती माझा पंजा आपल्या पंजाला लावून बघायची.

देवरामदादा डोकं धरत, राही उजवा हात आणि चंदना डावा. प्रेमलाताई बोलत. सुरुवातीला डोकं एकीकडे वळे, हात दुसरीकडे जात. मी अंगात आल्यासारखी दिसे. शेवटी चंदनालाच सुचलं. "ताई बोलायच्या आधी श्वास घेतात. तो ऐका आणि मग हला." त्या दिवसापासून चौघं एका श्वासावर चालू लागली आणि मी जिवंत झाले.

पाड्यापाड्यांवर खेळ झाले. "कळा सुरू झाल्या की वाट बघत बसू नका. झोळी उचला, दवाखाना गाठा," असं मी हात उंचावून सांगायची. आमच्याकडे बाईला बांबूला बांधलेल्या चादरीच्या झोळीत निजवून नेतात. लोक माना डोलवत. म्हाताऱ्या बाया मला आपल्यातलीच समजून तंबाखू पुढे करत.

चंदनाला दिवस गेले. पोट वाढलं तसं तिनं खेळात येणं थांबवलं. श्रावणात तिला कळा सुरू झाल्या आणि घरच्यांनी जराही वेळ दवडला नाही. झोळी केली. ओढ्याला छातीएवढं पाणी होतं, त्यातून ती पलीकडे नेली. दवाखान्यात डॉक्टर नव्हते. तिथल्या नर्सबाईंनी जव्हारच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगितलं. रुग्णवाहिकेला फोन लागत होता, गाडी येत नव्हती. अखेर कोणाची तरी जीप मिळाली. जव्हार यायच्या आधीच चंदना गेली. बाळही गेलं.

पुढचा खेळ तिच्याच पाड्यात होता. साहेब बघायला येणार होते, म्हणून तो रद्द झाला नाही. माझा डावा हात धरायला कोणी नव्हतं. राहीनं तो पिन लावून कमरेशी टाचला. पिन लावताना ती रडत होती.

मी नेहमीचं वाक्य म्हटलं. "झोळी उचला, दवाखाना गाठा."

तेव्हा चंदनाची सासू, पोशी, उठून उभी राहिली. ती माझ्याशीच बोलली. "उचलली झोळी. तू सांगलंस तसंच केलं. गेलो आमी. आता पुढचं सांग."

मागून साहेब तिला म्हणाले, "आजी, खाली बसा. खेळ पूर्ण होऊ द्या."

देवरामदादांनी माझं डोकं हळूच खाली ठेवलं. "खेळ झाला, साहेब."

त्यानंतर ती तिघं पोशीच्या ओसरीवर जाऊन बसली आणि चौघांनी मिळून पुढचा भाग रचला. डॉक्टरांची कुलूपबंद खोली, लागत असलेला फोन, न येणारी गाडी, सगळं त्यात आलं. डावा हात पोशीनं घेतला. जिथं तो खेळ झाला तिथं कोणी ना कोणी उठून आपल्या घरातलं मरण सांगितलं. खेळ संपला तरी लोक घरी जात नसत.

साहेबांना हे कळलं. "लोकांना घाबरवू नका. जुना खेळ करा, नाहीतर बंद करा."

"जुना आता आमच्याकडून होत नाही," प्रेमलाताई म्हणाल्या.

मग सगळंच बंद झालं. दिवाळी झाल्यावर राही आणि देवरामदादा भिवंडीकडे वीटभट्टीवर गेले. प्रेमलाताईंची बदली झाली. पोशी आता फारशी घराबाहेर पडत नाही. ओढ्यावर अजून पूल नाही.

मित्रांनो, माझी टाच शिवा, मला थोडं ऊन दाखवा. सुईदोऱ्यानं होण्यासारखं तेवढंच आहे. पण उद्या तुमच्यातलं कोणी डॉक्टर होईल, कोणी गाडी चालवेल, कोणी पुलाच्या कागदावर सही करेल. आम्ही लोकांना दवाखान्यापर्यंत यायला शिकवलं आणि ते आले. ते येतील तेव्हा तुम्ही तिथं असा.